कापडाची कड बांधू या





शिवणवर्गाच्या वतीने आम्हांस येथे बोलण्याची संधी दिल्याबद्दल मंडळाचे आभार. विषय लहान आहे. इंटरलॉक मशीन नसताना कापडाच्या कडा पक्क्या कशा कराव्यात? "इंटरलॉक नाही, म्हणून बाहेरचे काम घेता येत नाही," असे वाशीम जिल्ह्यातील अनेक भगिनींकडून आम्ही ऐकतो. म्हणजे हा प्रश्न घरच्या चुलीशी जोडलेला आहे.

कापड उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले असते. कात्री लागली की कडेचा धागा मोकळा होतो आणि दर धुण्याला थोडा थोडा सुटतो. शेवटी शिवणच उसवते. इंटरलॉक मशीन कड छाटते आणि त्याच वेळी तिच्यावर दोऱ्याचे वेढे घालते. अमेरिकेतील मेरो कारखान्याने असे मशीन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणले. त्यापूर्वीही माणसे टिकाऊ कपडे शिवतच होती.

आपल्या धम्मात तर याची फार जुनी नोंद आहे. विनयपिटकाच्या महावग्गात चीवराचा एक संपूर्ण भाग आहे. मगधातील बांधबंदिस्तीची शेते पाहून तथागतांनी आनंदांना तसे चीवर करता येईल का, असे विचारले आणि आनंदांनी तुकडे जोडून ते केले, ही कथा आपणांस ठाऊक आहे. त्याच भागात पुढे चीवराचे दोरे निघू लागल्याची अडचण येते. तेव्हा भगवंतांनी कडेला पट्टी लावण्यास अनुमती दिली. सुटणाऱ्या दोऱ्याचा विचार त्यांना क्षुल्लक वाटला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनीही स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत आणि स्वच्छता यांविषयी सांगितले होते. वस्त्राचा संबंध स्वाभिमानाशी आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आपले पायाचे काळे मशीन बहुधा सरळ टीपच मारते, तेवढी पुरे. भारनियमन असले तरी ते थांबत नाही. एक इंचाचे आठ सूत, हे माप लक्षात ठेवावे. सुती कापड आधी भिजवून, वाळवून घ्यावे.

पहिली रीत दुमडीची. जोडाची टीप मारल्यावर आत सहा सूत मार्जिन ठेवावे. ते उघडून प्रत्येक कड एक सूत आत दुमडावी आणि दुमडीवर टीप मारावी. ही टीप मार्जिनवरच राहते, बाहेर दिसत नाही. पॉपलिनच्या शर्टाला व फ्रॉकला ही रीत चांगली.

दुसरी फ्रेंच शिवण. कापडाच्या उलट्या बाजू समोरासमोर ठेवून दोन सुतांवर टीप मारावी. मार्जिन एक सूत ठेवून छाटावे. मग कापड उलटून सुलट्या बाजू समोरासमोर घ्याव्यात व पुन्हा दोन सुतांवर टीप मारावी. कड पूर्ण आत बंद होते. पातळ कापडाला आणि बाळाच्या झबल्याला याहून चांगले काही नाही.

तिसरी चपटी शिवण. एका बाजूचे मार्जिन निम्मे छाटावे, दुसरे त्यावर दुमडून घ्यावे, सपाट बसवून वरून टीप मारावी. पायजमा, सदरा व पँट यांच्या ओढ बसणाऱ्या जोडांना ही शिवण दणकट.

चौथी उरेब पट्टी. ती कापडाच्या तिरप्या रेषेवर, सव्वा इंच रुंद कापावी. तिरपी असल्याने ती ताणते, म्हणून गळा व मुंढा यांच्या गोलाईवर चुण्या न पडता बसते. उरलेल्या चिंध्यांतूनही ती निघते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. होजिअरीच्या ताणणाऱ्या कापडावर सरळ टीप तुटते. तेथे इंटरलॉकच योग्य. असे काम घेऊ नये, किंवा कड बाहेरून करून घ्यावी व तिचा खर्च शिलाईत धरावा. दुमडीच्या रीतींना वेळ व दोरा जास्त लागतो. तोही मजुरीत मोजावा.

विद्यार्थ्यांचे गणवेश हे आपल्या गावात राहू शकणारे काम आहे. २०२४-२५ मध्ये राज्यात एकच गणवेश ठरवून शिलाई बचत गटांकडे देण्यात आली होती. २०२५-२६ पासून तो अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला. समितीत आपल्याच गावचे पालक असतात. त्यांच्यापुढे नमुना ठेवताना सदरा उलटा करून दाखवावा. आतली कड पाहिली की बाकीचे सांगावे लागत नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या मदतीची तरतूद आहे. अशा मदतीतून पुढे इंटरलॉक मशीन जरूर घ्यावे. पण त्याची वाट पाहत घरातले मशीन झाकून ठेवू नये.

विद्यार्थिनींनो, उद्या घरी एखादा जुना कपडा उलटा करून त्याच्या शिवणी पाहा. मग एक वीत कापडावर या चारही रीती करून वर्गात आणा. आम्ही त्या उलट्या बाजूने तपासू.

नमो बुद्धाय, जयभीम!