विमानाने पाखरे पाहायला निघताना

नाताळच्या सुटीत नांदेड-लातूरकडून आसामातले काझीरंगा पाहायला निघणार असाल, तर बोचकी बांधण्यापूर्वी घरातला तराजू काढा. एस्टीच्या टपावर काहीही टाकावे, ही आपली जुनी सवय विमानात चालत नाही. देशांतर्गत प्रवासात बहुधा १५ किलो सामान विमानाच्या पोटात आणि ७ किलो हाती नेता येते. तरी तिकिटावरचा आकडाच खरा मानावा.

या सात किलोंत काय घालाल? दुर्बीण, कॅमेरा, औषधे, एक स्वेटर. ८×४२ ची दुर्बीण पाऊण किलोच्या आसपास भरते. ती खालच्या पेटीत देऊ नका. पेटी भलत्याच गावी उतरली, तर हजार मैल जाऊन पाणथळीतला दूरचा पक्षी कोणता, हेही कळायचं नाही! कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँकसुद्धा हातातच हव्यात. तसा नियमच आहे. लिथियमची बॅटरी तापून पेटली, तर माणसांत ती लगेच दिसते, विझवता येते. पोटातल्या सामानात कोण बघणार? चाकू-कात्री मात्र खालच्या पेटीत. अडकित्तासुद्धा.

मातकट रंगाचे तीन जोड कपडे पुरेत. पांढरा सदरा लग्नाला ठेवा. जाड बूट पायांतच घाला, तेवढे वजन वाचते. वाटेसाठी धपाटे घ्या, पण कापडात बांधून. रानात प्लॅस्टिक चुरचुरले की पाखरू उडालेच.

आधीच्या रविवारी हीच पिशवी खांद्याला लावून पहाटे विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी दोन तास फिरा. काय काढून ठेवायचे, ते खांदाच सांगेल.