डाळ कां शिजत नाहीं?

विहिरीच्या पाण्यांत डाळ शिजेना, साबणास फेस येईना, कीं बोल लागतो सुनेस आणि वाण्यास! खरा अपराधी पाण्यांतील चुना. पावसाचें पाणी जमिनींत मुरतांना कार्बन डायऑक्साइड वायु घेतें व चुनखडी विरघळवितें. उकळलें कीं वायु निघून जातो आणि भांड्यास पांढरा थर बसतो; त्यावर लिंबू पिळा, बुडबुडे येतील. जिप्समानें आलेला जडपणा मात्र उकळून जात नाहीं. कपड्यांसाठीं तेथें धुण्याचा सोडाच हवा. डाळीस चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो. मिठानें खारें झालेलें पाणी तर आटविल्यानें अधिकच खारें होतें. २०१२ च्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा, चुनखडीच्या हिशेबानें, लिटरास २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. तेव्हां आधीं पाणी पारखावें, मग माणसास दोष द्यावा.