लसूण, कांदा आणि विषाणू



लसणाचा विषय निघाला की आम्हाला विनयपिटकातील चुल्लवग्ग आठवतो. लसूण खाल्लेला एक भिक्खू, इतरांना वासाचा त्रास नको म्हणून धम्मश्रवणाला दूर बसला. ते पाहून तथागतांनी भिक्खूंना लसूण वर्ज्य केला. पुढे सारिपुत्तांना पोटात वाताचा विकार झाला. पूर्वी कशाने गुण येत असे, असे मोग्गल्लानांनी विचारता त्यांनी लसूण सांगितला. तेव्हा आजारापुरती तथागतांनी परवानगी दिली. नियम रोग्याच्या आड आला नाही!

आता विज्ञानाकडे वळू. अख्ख्या पाकळीत ॲलिन हे गंधकयुक्त द्रव्य आणि ॲलिनेज हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की ती एकत्र येऊन ॲलिसिन तयार होते. तो उग्र दर्प त्याचाच. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी ते वेगळे काढले. लसूण अख्खाच शिजवला तर उष्णतेने विकर निकामी होते. कांद्यात ॲलिसिन नसते. डोळ्यांना पाणी आणणारे त्याचे द्रव्य निराळे.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ताज्या लसणाच्या अर्काने हर्पिसचे आणि सर्दीचे विषाणू निष्प्रभ झाले. पण हे प्रयोगशाळेत. माणसाचे शरीर म्हणजे काचेची नळी नव्हे. २००१ साली १४६ जणांवर बारा आठवडे चाचणी झाली. लसणाची गोळी घेणाऱ्यांत सर्दीच्या २४, तर नकली गोळी घेणाऱ्यांत ६५ नोंदी झाल्या. आकडे उत्साह वाढवणारे खरे. परंतु २०१४ च्या कॉक्रेन समीक्षेत निकषांना उतरलेली चाचणी ही एकच निघाली. एका चाचणीवर भिस्त ठेवता येत नाही. लसणाने कोरोना टळतो याला पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली सांगितले.

आमची खरी काळजी एचआयव्हीची आहे. दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्यमंत्री त्शाबालाला-म्सिमांग लसूण, लिंबू, बीट यांची भलावण करीत राहिल्या आणि तिथे औषधे पोहोचायला उशीर झाला. उलट, अमेरिकेतील एका अभ्यासात लसणाच्या कॅप्सूलमुळे सॅक्विनाव्हिर या एचआयव्हीवरील औषधाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर आले.

आपल्याकडे सरकारी केंद्रांत एआरटी २००४ पासून मोफत मिळते. ती घेणाऱ्याने आमटीतली लसणाची फोडणी बिनघोर खावी. कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारूनच, आणि लसूण सुरू केला म्हणून एआरटीची एक गोळीही चुकवू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनीही विचारून घ्यावे. कच्ची पाकळी कातडीवर बांधून ठेवू नये. भाजल्यासारखे फोड येतात.