घरी परतलेल्या बाईची विचारपूस



कर्करोगाच्या उपचारानंतरच्या काळजीची ही परिषद पूर्णा-नांदेड लोहमार्गावरच्या चुडाव्यात भरली आहे. अशी परिषद खेड्यात कशाला, असं काहींनी विचारलं. पण देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीला सुरू झाली. धाराशिव जिल्ह्यातल्या लाखाहून अधिक बाया तपासणीच्या अभ्यासात सामील झाल्या. एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदा केली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये जगाला कळलं ते त्यांच्यामुळं.

मात्र गाठ निघाली, किमो आणि शेक संपला, की विचारपूस थांबते. पस्तिशीतली बाई घरी येते. पाळी थांबलेली असते, म्हणून आता दिवस राहत नाहीत असं ती धरून चालते. पण स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी न येताही दिवस राहू शकतात, आणि ते औषध पोटातल्या बाळाला घातक आहे. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईला माला-एनची गोळी आणि अंतराचं इंजेक्शन नको; दोन्हींत संप्रेरकं आहेत. तांबी चालते, निरोध चालतो. नवऱ्याची नसबंदी तर सगळ्यात सोपी, पण तिचं नाव निघालं की घरात सगळे गप्प होतात. ज्यांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आधीच झालंय त्यांची ही काळजी मिटली. बाकीच्यांना कुणी विचारतच नाही.

साखरेचंही तसंच. किमोबरोबरच्या स्टिरॉइडनं साखर चढते, वजन वाढतं, पाळी लवकर गेल्यानं हाडं ठिसूळ होतात. घरचे मायेनं शिरा, बिस्किटं भरवतात आणि खाटेवरून उठू देत नाहीत. झेपेल तसं वाढवत तिला रोज अर्धा तास चालू द्या. ताटात ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी वाढा. लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ज्वारी आपल्याच कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये दिली. ती आपल्या शिवारात दिसायला हवी.

डॉक्टरसाहेब, एक विनंती. घरी पाठवताना कागदावर लिहा: कोणतं साधन चालेल, साखर आणि रक्तदाब कधी तपासायचा. तो कागद वाचून आशाताई पुढचं सांभाळतील.

दुपारचं सत्र संततिनियमनावर आहे. नवरे मंडळींनी बाहेर चहाला न थांबता बायकोशेजारी येऊन बसावं.