कनू : टपावरची आणि पाण्यातली



अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या सरहद्दीला लागून, 'बाउंडरी वॉटर्स' नावाचे राखीव रान आहे. दहा लाख एकरांहून मोठे, आणि त्यात हजारावर तळी. १९७८ च्या कायद्यानंतर यातल्या बहुतेक तळ्यांवर मोटारबोटी चालत नाहीत. चालते ती कनू : दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, वल्ह्यांची होडी. इली हे गाव म्हणजे या रानाची वेस. राज्यातल्याच मिनियापोलिस शहराहून तिथवर मोटारीने साधारण चार तास लागतात. हौशी माणसाची कनू हे चार तास गाडीच्या टपावर काढते.

सतरा-अठरा फुटांची होडी बहुतेक मोटारींपेक्षा लांबच भरते. ती टपावर पालथी ठेवतात. म्हणजे तिचे दोन्ही काठ रॅकच्या दांड्यांवर नीट टेकतात आणि पावसाचे पाणी आत साठत नाही. पोटावरून दोन पट्टे घेतात. शिवाय पुढच्या आणि मागच्या टोकाला दोऱ्या हव्यातच, कारण गाडीने वेग घेतला की वारा पुढच्या टोकाखाली शिरून होडी उचलू पाहतो आणि शेजारून मोठा ट्रक गेला की ती आडवी ढकलली जाते. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या बंपरला दोरी बांधायला जागा नसते. म्हणून बॉनेटच्या आतल्या बोल्टखाली पट्टीचे दोन फासे कायमचे बसवून घेतात आणि होडीच्या टोकापासून त्या दोन्हींकडे दोऱ्या ताणतात.

पट्टा कसा आवळायचा, हेही पाहावे लागते. मालट्रकवर वापरतात तो रॅचेटचा पट्टा जोर लावून आवळला, तर हलकी होडी चेपते. हाताने ओढून बसणारा साध्या बकलचा पट्टा पुरतो. त्याला एखादा पीळ द्यावा, नाहीतर वाऱ्यात तो वाटभर घुंघुं करतो. नायलॉन भिजले की ताणते, म्हणून पावसात गाडी थांबवून पट्टे पुन्हा चाचपायचे.

होडी टपावर चढवायची तर तिचे वजनही पाहावे लागते. विमाने बांधणाऱ्या ग्रमन कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ॲल्युमिनियमच्या कनू काढल्या. त्यांची सतरा फुटी कनू सुमारे ३४ किलोंची. पुढे ड्यूपाँट कंपनीतल्या स्टेफनी क्वोलेक यांच्या १९६५ च्या शोधातून केव्हलार नावाचा हलका, मजबूत धागा आला आणि सतरा फुटांहून लांब होडी वीस किलोंच्या आसपास बनू लागली. हा फरक टपावर चढवताना जाणवतोच. पण दोन तळ्यांमधल्या पायवाटेवर, मधला आडवा दांडा खांद्यांवर घेऊन होडी डोक्यावर पालथी धरली, की तो फार जाणवतो. या वाटा तिथे 'रॉड'मध्ये मोजतात. एक रॉड साडेसोळा फुटांचा, जवळजवळ कनूएवढाच.

टपावर होडी कुठे टेकली आहे हे जसे पाहतात, तसेच पाण्यात माणूस कुठे टेकला आहे हे पाहावे. नुसते बाकावर बसून पाय सैल सोडले की सगळा भार कमरेवर येतो आणि तासाभरात पाठ धरते. गुडघे फाकवून तळाला टेकले आणि ढुंगण बाकाच्या पुढच्या कडेला टेकवले, की तीन ठिकाणी आधार मिळतो, वजन खाली येते आणि होडी कमी डुलते. यासाठी बाक पुढे किंचित उतरता करतात आणि गुडघ्यांखाली फोमची जाड गादी घालतात.

वल्हे नुसत्या दंडाने ओढले की खांदा बोलू लागतो. जात्यावर दळणारी बाई कमरेतून वळते, तसे धड वळले पाहिजे. बसून लांब पल्ला मारणाऱ्यांसाठी मिनेसोटाच्याच युजीन जेन्सन यांनी वाकड्या दांड्याचे वल्हे रूढ केले. त्याचे पाते पाण्यात उभे राहून होडी पुढे ढकलते. सरळ वल्ह्याचे पाते शेवटी पाणीच वर उचलत बसते. दर काही फटक्यांनी बाजू बदलली की दोन्ही खांद्यांना आळीपाळीने उसंत मिळते.

गुडघ्यांवरही दिवसभर कोणी बसत नाही. शांत तळ्यात बाकावर बसून पाय लांब करावेत आणि वारा उठला की गुडघ्यांवर यावे. तेव्हा पायांत जाड तळाचे बूट नकोत. बाकाखाली पाय चटकन सुटतील एवढी जागा आहे ना, हे किनाऱ्यावरच बसून पाहावे, कारण होडी उलटली तर पाय तिथेच अडकतात.