दगडातल्या झाडाचे नाव



वनस्पतिशास्त्राच्या या सभेचे अध्यक्षपद मला पांढरकवड्याला मिळाले, म्हणून याच मुलखाबद्दल बोलतो. येथून वणीकडे गेले की दगडी कोळसा लागतो. तो पर्मियन काळातला, ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडांच्या जंगलांच्या जमान्यातला. त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा पसरला. दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, काठाने झाडे वाढली. पुढच्या लाव्ह्याखाली ती गाडली गेली आणि सिलिकाने त्यांच्या पेशी भरून टाकल्या. ही गारगोटीसारखी खोडे विदर्भात अजून सापडतात.

अशा खोडाला नाव कसे द्यायचे, हा माझा आजचा विषय आहे. दगडाची पातळ चकती कापायची, कार्बोरंडमच्या भुकटीने काचेवर घासायची, इतकी की तिच्यातून उजेड आरपार जावा. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. वाहक पुंज सगळ्या गाभ्यात विखुरलेले असतील तर खोड ताडामाडांच्या कुळाकडे झुकते. वाहिन्या, किरण आणि लाकडाची वर्तुळाकार रचना दिसली तर ते द्विदल. पण ताड म्हणजे शिंदी, की नारळ, की आज उरलाच नाही असा कोणी? एवढ्याशा तुकड्यावरून ते ठरत नाही. म्हणून अशा खोडांना ‘पाल्मोझायलॉन’ हे सर्वसाधारण नाव दिले जाते. मला या नावाचा प्रामाणिकपणा फार आवडतो. जितके दिसले तितकेच ते सांगते.

अडचण पुढे आहे. झाड मोडते, पान एकीकडे, खोड दुसरीकडे, फळ तिसरीकडे जाते. ज्याला जे सापडते तो त्याला नाव देतो आणि एकाच झाडाची चार नावे होतात. छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलान येथील फळाला बिरबल साहनी यांनी १९४३ मध्ये ‘एनिग्मोकार्पॉन’ म्हटले. १९४४ मध्ये शुक्ल यांनी तिथल्याच फुलाला ‘साहनिअँथस’ म्हटले. फळ आणि फूल एकाच वनस्पतीची असावीत, हे अंतर्रचनेवरून लक्षात आले. आणि तिचे कूळ? आपल्या धायटीचे, मेंदीचे! वर्गीकरणाचा खरा आनंद या जुळणीत आहे. नव्या नावाचा मान मिळवण्याची घाई मात्र मला खटकते. दोन जुनी नावे एका झाडावर आणून ठेवणे हे मी मोठे काम मानतो.

याच मोहगावला नीपा या माडाचे फळ सापडले. नीपा आज सुंदरबनासारख्या खाऱ्या दलदलीत वाढतो. एका फळाची ओळख पटली आणि समुद्राचा फाटा मध्य भारतापर्यंत आला होता की काय, हा प्रश्न उभा राहिला. ओळख चुकली असती, तर समुद्रही चुकीच्या जागी मांडला गेला असता!

या अभ्यासाची परंपरा आपल्या जवळचीच आहे. रेव्हरंड हिस्लॉप यांनी १८५० च्या दशकात नागपूरजवळच्या टाकळीचे जीवाश्म गोळा केले. नागपूरच्या डॉ. श्यामला चितळे यांनी मोहगावच्या वनस्पतींवर काम केले आणि पुढे अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात त्याच विद्येचा विभाग सांभाळला. पुण्यात महाबळे यांनी ताडवर्गाचा अभ्यास जिवंत आणि जीवाश्म अशा दोन्ही बाजूंनी केला. दोन्ही बाजू हव्यातच. ज्याने सागवानाचा छेद कधी पाहिला नाही, तो दगडातले लाकूड काय ओळखणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. येथील प्रत्येक महाविद्यालयाने आसपासच्या जिवंत झाडांच्या लाकडांचे छेद आधी तयार करावेत. त्यांच्या शेजारी जीवाश्मांची पेटी ठेवावी. शेतकऱ्याने नांगराखाली निघालेला दगड आणून दिला, तर गाव, नाला, थर, तारीख आणि आणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी वहीत लिहावे. दगडाच्या नावाची जागा रिकामी राहिली तरी चालेल. गावाची जागा रिकामी ठेवू नका.