ओळख वेगळी, ठिकाण वेगळं



स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मुंबईत मनःपूर्वक स्वागत करतो. भारताला जगाशी जोडणाऱ्या कितीतरी समुद्री केबल याच किनाऱ्याला लागतात. राउटिंगवरची परिषद इथे भरते आहे, याचा मला म्हणूनच विशेष आनंद आहे.

आपला विषय जुना आहे आणि अजून सुटलेला नाही. यंत्र कोणतं आणि ते जाळ्यात कुठे आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आपण एकट्या आयपी पत्त्याकडून घेतो. घर बदललं म्हणून माणसाचं नाव बदलत नाही. इथे मात्र वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेलं की पत्ता बदलतो आणि त्याला बांधलेली टीसीपी जोडणी तुटते. एखादी कंपनी दोन सेवादात्यांकडून इंटरनेट घेते, आपले पत्ते स्वतंत्रपणे जाहीर करते आणि त्या नोंदीचा भार जगभरच्या मुख्य राउटरांवर पडतो. १२ ऑगस्ट २०१४ रोजी या राउटरांतल्या एकूण नोंदी ५,१२,०००च्या पुढे गेल्या. अनेक जुन्या राउटरांच्या मेमरीत तेवढ्यांचीच सोय होती. त्या दिवशी कित्येक सेवा अडखळल्या. आज एकट्या आयपीव्ही४च्या नोंदी नऊ लाखांपलीकडे आहेत.

हे दुखणं २००६च्या ॲमस्टरडॅम कार्यशाळेत स्पष्टपणे मांडलं गेलं. त्यावर उपाय म्हणून पुढे लिस्प या प्रोटोकॉलने मूळ पॅकेटवर दुसरं वेष्टण चढवून काम राउटरांकडेच ठेवलं. आयएलएनपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने आयपीव्ही६ पत्त्याचे ६४ बिट ठिकाणाला, ६४ बिट ओळखीला दिले आणि बदलाची जबाबदारी यंत्रांवर टाकली. राउटिंगचे हे पर्याय तपासणाऱ्या संशोधन गटात एकमत झालं नाही. गटाच्या २०११च्या अहवालात त्याच्या सहअध्यक्षांनी आयएलएनपीची शिफारस केली. मानकांच्या वाटेवर मात्र २०२२मध्ये लिस्प आलं. मला आयएलएनपीची रचना अधिक स्वच्छ वाटते. तरी जगभरच्या यंत्रांतलं सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा काठावरचे राउटर बदलणं सोपं, हेही मला मान्य आहे.

ओळख आणि ठिकाण यांची फारकत केली की अडचण मॅपिंगकडे सरकते. अमुक ओळख सध्या कुठे आहे हे कोणी सांगायचं, किती वेगाने सांगायचं, आणि कोणी खोटी नोंद घुसवली तर काय करायचं? पुढच्या सत्रांत या प्रश्नांना भरपूर वेळ द्यावा, अशी माझी वक्त्यांना विनंती आहे. आणि महाविद्यालयांतून आलेल्या तरुण मित्रांनो, तुमच्या शंका आज इथेच, या जाणकारांसमोर, निःसंकोच विचारा.